व्हीएस कोड या कोड एडिटरमध्ये टॅबला स्वतःची कमांड दिली, पण तिची मूळ कामं बंद पडली. परत कशी आणायची?

मार्कडाउन (साध्या चिन्हांनी मजकुराची मांडणी करायची पद्धत) लिहिताना सोयीचं म्हणून तुम्ही टॅबवर स्वतःची कमांड बसवलीत आणि तेव्हापासून सजेशन स्वीकारणं, स्निपेटमध्ये (भरायच्या जागा असलेल्या तयार साच्यात) पुढच्या जागी जाणं, साधं इंडेंट करणं, सगळंच थांबलं, असं तुम्ही म्हणताय. घाबरू नका, मूळ नियम बहुतेक जागेवरच असतील. तुमचा नियम त्यांच्यापर्यंत पाळी येऊच देत नाहीये.

व्हीएस कोड शॉर्टकटचे नियम खालून वर वाचतो. तुमच्या फाइलमधले नियम डिफॉल्ट यादीच्या शेवटी जोडले जातात, म्हणजे तेच आधी वाचले जातात. बटण आणि ‘व्हेन’ची अट (नियम कधी लागू व्हावा ते सांगणारी) दोन्ही जुळणारा पहिला नियम मिळाला की शोध तिथेच संपतो. तुम्ही अट घातलेलीच नाही, म्हणून तुमचा नियम दर वेळी जिंकतो.

तेव्हा अट घाला. कंट्रोल+के, कंट्रोल+एस दाबून शॉर्टकटची यादी उघडा, टॅबच्या एखाद्या ओळीवर राइट-क्लिक करा आणि ‘शो सेम कीबाइंडिंग्ज’ निवडा. एकाच बटणावर किती नियम आहेत ते दिसेल. प्रत्येकासमोर त्याची अट असते. जी कामं तुम्हाला हवीत, त्यांच्या अटी तुमच्या नियमात नकार देऊन लिहा: कर्सर एडिटरमध्ये, भाषा मार्कडाउन, सजेशनची यादी उघडी नाही, स्निपेट चालू नाही, मजकूर सिलेक्ट केलेला नाही. दोन अटींच्या मध्ये && लिहा, नकारासाठी अटीआधी !. यातली एक जरी अट मोडली तरी तुमचा नियम बाजूला होतो आणि डिफॉल्ट आपोआप चालतो. शेवटच्या अटीमुळे सिलेक्ट केलेल्या ओळी टॅबने पूर्वीसारख्या आत सरकतील. माझ्या मते हीच अट सगळ्यात जास्त विसरली जाते.

दोन्ही कामं एकाच दाबात हवी असतील, तर अनेक कमांड ओळीने चालवणारी ‘रनकमांड्स’ ही कमांड वापरा: आधी तुमची कमांड, मग ‘टॅब’ नावाची मूळ कमांड.

एक गोष्ट मात्र नक्की तपासा. कीबाइंडिंग्जच्या जेसॉन फाइलमध्ये, म्हणजे तुमचे शॉर्टकट नियम जिथे साठतात तिथे, कमांडच्या नावाआधी वजा चिन्ह असलेली ओळ आहे का? तसं असेल तर तो डिफॉल्ट खरोखरच काढून टाकलेला आहे. यादीतून शॉर्टकट बदलला की अशी ओळ आपोआप लिहिली जाते. ती पुसली की मूळ नियम परत येतो.

एवढं करूनही अडलं, तर कमांड पॅलेटमधून (नावाने कमांड शोधून चालवायची पेटी) ‘टॉगल कीबोर्ड शॉर्टकट्स ट्रबलशूटिंग’ चालू करा आणि टॅब दाबा. नेमका कुठला नियम लागू झाला ते आउटपुटमध्ये दिसेल. ती ओळ इथे टाका, मी अट दुरुस्त करून देतो.