पंच परीक्षा उत्तीर्ण, पण मैदानावर कोणी नाही

प्रश्न : आमच्या तालुक्यात कबड्डीच्या स्पर्धा भरपूर होतात, पण पंच मात्र तेच पाच-सहा ज्येष्ठ. खेळ सोडलेल्या मुलांना आम्ही पंच परीक्षेला बसवतो. ती उत्तीर्ण होतात, दोन-तीन स्पर्धांना येतात आणि पुन्हा फिरकत नाहीत. काय करावे?
– एक क्रीडाशिक्षक, सातारा जिल्हा

उत्तर : परीक्षेत नियमांचे ज्ञान कळते, नजर कळत नाही. मैदानात सहा किंवा सात बचावपटू असताना चढाईपटूचा एक पाय बोनस रेषेपलीकडे टेकला आणि त्या क्षणी दुसरा हवेत असला, तर बोनस गुण मिळतो, हे कागदावर कोणीही लिहील. परंतु ३० सेकंदांच्या चढाईत, कोपरारक्षक झेपावण्याच्या बेतात असताना, तो दुसरा पाय खरोखर उचलला होता की नाही हे ठामपणे सांगण्यासाठी शेकडो चढाया डोळ्यांखालून जाव्या लागतात. म्हणून नवख्याला थेट खुल्या गटाच्या सामन्यात उभे करू नये. पहिला हंगाम त्याने किशोर गटाच्या सामन्यांत आणि गुणलेखकाच्या टेबलाशी काढावा. गुणलेखन दुय्यम मानण्याची आपल्याकडे खोड आहे. पण जानेवारी २०२३ मध्ये रणजी सामन्यांत पंच म्हणून उभ्या राहिलेल्या पहिल्या तीन महिलांपैकी वृंदा राठी यांची सुरुवात गुणलेखनापासूनच झाली होती. (आपण ‘मुले’ म्हणता, त्यांत मुली आहेत ना?)

तरीही मुले पाठ फिरवतात ती नियम कठीण म्हणून नव्हे. शेवटच्या मिनिटातील निर्णयावरून सगळ्या गावासमोर नको ते ऐकावे लागते आणि नेमके तेव्हा आयोजक मंचावर पाहुण्यांच्या सत्कारात गुंतलेले असतात, हे खरे कारण आहे. त्यामुळे नवखा पंच असलेल्या सामन्याला सरपंच (म्हणजे सामन्याचा मुख्य पंच) अनुभवीच असावा, आणि त्याने चुका सामना संपल्यावर बाजूला घेऊन सांगाव्यात. पंचांशी केवळ कर्णधारानेच बोलावे, हे आधीच जाहीर करावे. हिरवे कार्ड ताकिदीचे, पिवळे दोन मिनिटे बाहेर बसवणारे, लाल सामन्यातूनच काढणारे. ही कार्डे खिशात ठेवण्यासाठी नसतात, आणि ती दाखवणाऱ्या पोराच्या पाठीशी मंडळाने उभे राहिले पाहिजे, मग खेळाडू कितीही नावाजलेला असो. नवख्या पंचाला त्याच्या स्वतःच्या मंडळाच्या सामन्यावर नेमू नये. मानधन त्याच दिवशी, बक्षीस समारंभाच्या आधी द्यावे.