आधी बसव, मग नावं ठेव

चि. मुली,

तुझा मेसेज वाचला. कळंगुटच्या हॉटेलवाल्याने आठवड्यातून तीन रात्री गायला बोलावलंय, गाणी हिंदी-इंग्रजी पॉपची, पैसे बरे. जावं की न जावं हे विचारायचं सोडून तू मला विचारतेस, "काका, हे पॉप कधीतरी संपेल का?" म्हणजे संपणार असेल तर तू थांबायला तयार आहेस! तोवर फोंड्याला गुरुजींकडे यमन घोटशील आणि लाट गेली की मंचावर येशील. बाय माझे, असली गणितं गाण्यात चालत नाहीत.

उत्तर आधीच देऊन टाकतो. आजची गाणी संपतील, ती गाणारेही मागे पडतील, तुझ्या अंदाजापेक्षा लवकरच. पण चारचौघांच्या तोंडी बसणारं सोपं गाणं ही जागा रिकामी राहत नाही. बेतीच्या फेरीबोटीसारखं आहे ते. माणसं उतरतात, दुसरी चढतात, फेरी चालू.

ज्या नाट्यपदांच्या जोरावर तू नाक मुरडतेस ती एकेकाळी काय होती? १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ आणलं, १८८२ ला ‘सौभद्र’. चाली घेतल्या त्या साक्या, दिंड्या, लावण्या, कर्नाटकी पदं, लोकांच्या कानांत जे होतं त्यातून. १९११ च्या ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमऱ्या आणि बंदिशी पदांत आणल्या. हेच तेव्हाचं पॉप. मग बोलपट आला आणि नाटक कंपन्या एकामागून एक बसल्या. मंगेशीच्या दीनानाथांची बलवंत मंडळीही वाचली नाही. म्हणजे प्रवाह ओसरतो, हे तुझं म्हणणं खोटं नाही. पण ओसरल्यावर त्या जागी ख्याल आला का? सिनेमाचं गाणं आलं, आणि ते घरोघरी पोचवणारी दीनानाथांचीच मुलगी निघाली. पुढे १९६४ ला ‘मत्स्यगंधा’, १९६७ ला ‘कट्यार काळजात घुसली’ करून अभिषेकीबुवांनी नाट्यपद पुन्हा उभं केलं. तेही मंगेशीचेच. सिनेमाच्या गाण्यांना शिव्या देत बसले असते तर ते झालं नसतं. त्यांनी पद आटोपशीर केलं, वन्समोअरची लांबण कापली. ऐकणाऱ्याचा कान बदललाय हे त्यांना कळलं होतं.

सरकारनेही करून पाहिलंय बरं का. बाळकृष्ण केसकर, आपल्यातलेच, १९५२ ला नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. त्याच वर्षी तिथे अमीन सायानींची गीतमाला सुरू झाली आणि दर बुधवारी रात्री अर्धा देश कान लावून बसू लागला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आकाशवाणीला विविध भारती काढावी लागली. अमेरिकेत तर १२ जुलै १९७९ ला शिकागोच्या बेसबॉल मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोट करून उडवला. काही वर्षांत त्याच शिकागोत डिस्कोच्याच ठेक्यातून हाउस म्युझिक जन्मलं. त्या ठेक्याचा गोतावळा फिरत फिरत आपल्या हणजुण्याच्या किनाऱ्यावर आला, आणि नव्वदच्या दशकात जगाने एका प्रकाराला चक्क गोवा ट्रान्स म्हटलं. मंत्र्याला जमलं नाही, दारूगोळ्याला जमलं नाही. तू म्हार्दोळला खोलीचं दार लावून जमवणार?

केरीच्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानावरच्या सोनेरी तबकडीत गेली, हे तू सगळ्यांना अभिमानाने सांगतेस. त्याच तबकडीवर चक बेरीचं रॉक अँड रोल आहे, ते गाळतेस. आणि ती भैरवी जेमतेम साडेतीन मिनिटांची आहे, कारण ती मुळात रेकॉर्ड झाली त्या काळच्या तबकडीच्या एका बाजूला तेवढंच मावायचं. एवढ्यात बोलणं संपवायची शिस्त केसरबाईंनाही पाळावी लागली. पॉपला तू "तीन मिनिटांचं" म्हणून हिणवतेस म्हणून सांगतो.

आता मुद्द्याचं. आधी बसव, मग नावं ठेव. माझ्याकडे एवढी एकच अक्कल आहे, ती पुन्हा पुन्हा ऐकावी लागेल.

तुला सगळ्यात नावडतं ते गाणं घे. पेटी बाजूला सार. गिटारवाल्या पोराला सी, जी, ए मायनर, एफ हे चार कॉर्ड फिरवत राहायला सांग. ढिगाने गाणी त्यातच बसलेली सापडतील. पट्टी आधी ठरव, नाहीतर तू काळी पाच धरशील आणि तो बिचारा कॅपो, म्हणजे गिटारचा सूर चढवायचा चिमटा, शोधत बसेल. मग मुखडा म्हण. चार-पाच सूर असतील, तुला वाटेल यात काय आहे. तिसऱ्याच सुरावर तुझा गळा आपोआप हलेल, खटका येईल, मींड येईल. काढून टाक. ड्रम चालू असताना, माइक ओठाशी, श्वासाची फुसफुस आत न जाऊ देता तो सूर आठ मात्रा सरळ धर. दुसरं, समेवर शब्द टाकायची खोड मोड. तिथे शब्द समेच्या अर्धी मात्रा आधी पडतो. तो समेवर आणलास की गाणं मेलं. आणि मुखडा इतका लगेच का येतो तेही बघ. गाण्याच्या अ‍ॅपवर तीस सेकंद ऐकलं तरच ते वाजलं असं धरतात, त्याचा हिशेब होतो. मग सुरुवातीचं म्युझिक आखडणारच. फोनवर रेकॉर्ड कर, ऐक, वाईट वाटेल. वाटू दे. त्यानंतर म्हण की गाणं फालतू आहे. बहुतेक असेलच. पण मग कुठे फालतू आहे ते तुला बोट ठेवून सांगता येईल: कॉर्ड आळशी आहेत, अंतरा उगाच चिकटवलाय, शब्द चालीत कोंबलेत. आत्ता तू नुसतं "थिल्लर" म्हणतेस. थिल्लर कुणीही म्हणतं.

मी हे का सांगतो तुला ठाऊक आहे, तरी लिहितो. ऐन उमेदीत मी ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवला. लग्नं, फेस्तं, जत्रा, जिथे बोलावतील तिथे. दिवसा संगीत नाटकांच्या तालमींना ऑर्गनवर बसायचो आणि रात्री डिस्को. एका जत्रेच्या कार्यक्रमपत्रिकेवर साथीला माझं नाव छापून झालं होतं, ते आयोजकांनी वर कागद चिकटवून झाकलं, "ऑर्केस्ट्रावाला नको" म्हणून. वाजवायला मात्र मलाच बसवलं, दुसरा मिळेना! माझ्या गुरुजींनी माझा एकही ऑर्केस्ट्रा ऐकला नाही. त्यांना एकदा समोर बसवायचं होतं, एका गाण्यातली बासची ओळ दाखवायची होती, तिच्यात मला त्यांचाच मारवा दिसायचा. ते राहून गेलं. त्याचं वाईट वाटतं, ऑर्केस्ट्राचं वाटत नाही. चुकलं असं मला अजूनही कुणी पटवून दिलेलं नाही, आणि आता या वयात मी पटवून घेणारही नाही. दुसऱ्याची शेकडो गाणी हाताने बसवली म्हणून नाट्यपदाला साथ करताना गायक पुढे कुठे जाणार हे मला आधी कळायचं. ऑर्गनवर नुसते सूर धरून बसणाऱ्यांना ते कळत नसे. असो. हे पत्र तुझ्यासाठी आहे.

आपल्याच गोव्याची माणसं बघ. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकून मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाचा वाद्यवृंद त्यांनी भरला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस बाखही वाजवायचे आणि आपल्या रागांचा ऑर्केस्ट्रा कसा करायचा याच्याही मागे होते. प्यारेलाल त्यांचे शिष्य. रेमो फर्नांडिसने १९८४ ला शिवोलीच्या घरी एकट्याने ‘गोवन क्रेझी’ रेकॉर्ड केली आणि कॅसेटी स्कूटरवर घालून स्वतः दुकानोदुकानी पोचवल्या. यातलं कुणी कशाची लाट ओसरायची वाट बघत थांबलं नाही.

एका बाबतीत तुझं खरं आहे, ते मान्य करतो. सगळ्यांचं मिळून एक गाणं असणं, ते मात्र कमी होत चाललंय. गीतमालेच्या काळात अख्ख्या वाड्याला तेच गाणं पाठ असायचं. आता एकाच घरात चार माणसांच्या कानांत चार वेगळी गाणी, आणि एकाचं दुसऱ्याला माहीत नसतं. चवथीला घुमट आणि शामेळ ही वाद्यं घेऊन आरतीला बसतात तेव्हा तेवढं सगळे एक गातात. नव्वदच्या दशकातलं इंडिपॉपही असंच आलं, अलिशा चिनॉय घराघरांत पोचली, आणि पुढच्या दहाएक वर्षांत सिनेमाने ते सगळं गिळून टाकलं. तेव्हा मुख्य प्रवाह म्हणतात तो अरुंद होईल, फाटे फुटतील. कोरडा पडणार नाही. आणि त्या फाट्यांत ख्यालालाही एक फाटा मिळतो, कारण आता कुणाला रेडिओच्या मंत्र्याची परवानगी लागत नाही. हे तुझ्या फायद्याचं आहे, पण त्यासाठी लोकांसमोर उभं राहायला शिकावं लागतं. जेवणारी, बोलणारी, पाठ फिरवून बसलेली माणसं. त्यांचा घास हातात थांबला की समज. बैठकीत ते शिकायला मिळत नाही, तिथे आधीच सगळे माना डोलवत असतात.

तेव्हा हॉटेलला हो म्हण. तुझे गुरुजी रागावतील. रागावू देत. त्यांच्या शिकवणीचा दिवस मात्र हॉटेलला देऊ नकोस, काही झालं तरी. उघड्यावर गायचं असेल तर रात्री दहाला स्पीकर बंद करावा लागतो, म्हणून सातला सुरू करायचं आधीच ठरव; ते नऊला सुरू करून तुझे पैसे कापतील. तुझ्यासमोर मॉनिटर स्पीकर हवाच म्हणून सांग, नाहीतर स्वतःचा आवाज ऐकू न आल्याने ओरडशील आणि महिन्यात गळा बसेल. पहिल्या रात्रीआधी अ‍ॅडव्हान्स घे. मॅनेजर "एक्स्पोजर मिळेल" म्हणाला तर माझा नंबर दे त्याला.

रविवारी सकाळी ये. ते नावडतं गाणं बसवून आण, गिटारवाल्यालाही आण. नाश्त्याला पातळभाजी-पाव सांगून ठेवतो.

तुझा
काका