गोलकीपरला वेगळा कोच लागतो का, आणि त्यात करिअर होतं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय 28, जिल्हा पातळीवर गोलकीपर म्हणून खेळलो, गुडघ्यामुळे खेळ थांबला. आता गोलकीपिंग कोच म्हणून करिअर होईल का? त्यासाठी मोठ्या लेव्हलला खेळलेलं असावं लागतं का? की क्लबवाले हेड कोचवरच भागवतात, कारण कीपरला वेगळं असं काय शिकवायचं असतं?

ते शेवटचं वाक्य नसतं तर मी वाचून पुढे गेलो असतो. "वेगळं असं काय शिकवायचं" हे मी याआधी एका माणसाच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय.

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या एका तालमीकडून अकरा हंगाम कीपर होतो. आमच्याकडे तालमींचेच फुटबॉल संघ असतात. तालमीचं नाव सांगत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच. आमचे सर एकेकाळचे सेंटर फॉरवर्ड. फॉरवर्डना शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता, हे आजही मान्य करतो. कीपरचं ट्रेनिंग मात्र एवढंच, की सगळ्यांचा सराव संपला की शेवटची दहा मिनिटं मला गोलात उभं करायचं आणि चौदा जणांनी घसाघसा बॉल मारायचे. गांधी मैदानाचं पावसाळ्यात तळं होतं आणि उन्हाळ्यात खाली नुसता मुरूम. डाइव्ह मारल्यावर आधी मांडीची बाजू, मग कंबर, मग खांदा असं अंग जमिनीला लागायला हवं, हे मला कोणीच सांगितलं नाही. सहा वर्षं मी कोपरावर पडत होतो. उजवा हात आजही पूर्ण सरळ होत नाही. सरांचं म्हणणं, "सालटी निघाली की आपोआप येतंय."

आता 2009 ची सेमीफायनल. शाहू स्टेडियम गच्च, समोर दुसऱ्या पेठेचा संघ, 1-1, शेवटची पाच-सात मिनिटं. डीच्या, म्हणजे गोलासमोरच्या चौकटीच्या, जरा बाहेर, माझ्या डाव्या अंगाला त्यांना फ्री किक मिळाली. मी डाव्या पोलला हात लावून उभा राहिलो, एक डोळा मिटला, आणि पोल ते बॉल या रेषेच्या एक माणूस बाहेर राहील अशी चौघांची वॉल, म्हणजे किकच्या वाटेत खेळाडूंची रांग, लावली. डावी बाजू वॉलची, उजवी माझी. मी माझ्या जागेवर येतोय तोवर टचलाइनवरून सर ओरडले, "आरं तिसऱ्याला काढ! त्यो उंच मोकळा हाय, त्याच्यावर घाल!" तिसरा निघाला. चौथ्याने सरकून दुसऱ्याला चिकटायचं, तर तो हात खाली बांधून जागच्या जागी उभा. वॉलमध्ये दार उघडल्यासारखी फट. मी ओरडलो, पण हलगी आणि पब्लिकच्या कल्ल्यात माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. बॉल त्या फटीतून आला. दिसला तेव्हा पेनल्टी स्पॉटच्या अलीकडे होता. बोटं लागली. लागून आत गेला.

आम्ही 2-1 हरलो. स्टेडियमच्या गेटवरच पहिल्यांदा ऐकलं, "कीपर इकलाय." दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर कोणीतरी खडूने तेच लिहून गेलं. आईने पुसलं, पण ओल्या फडक्याने खडू पसरतो, तसा पांढरा डाग बरेच दिवस राहिला. आठ दिवस दूध आणायला बहीण गेली. ज्याने हयातीत रिक्षाभाड्यापलीकडे मॅचचे पैसे पाहिले नाहीत, त्याला विकला म्हणायचं! सर त्या आठवड्यात कट्ट्यावर बसून एवढंच म्हणत होते, की वॉल लावणं कीपरचं काम असतं. हे खरंच आहे. म्हणूनच त्यात तोंड घालायचं नसतं.

माझं मत स्पष्ट आहे. वॉल कीपरची. तिच्यातला माणूस काढायचा अधिकार कीपरलाच, आणि टचलाइनवरच्या कोणालाही, मग त्याने आयुष्यात तीनशे गोल मारलेले असोत, तिथे बोलायचा हक्क नाही. गोलकीपिंग कोच लागतो तो यासाठी, की हेड कोचच्या शेजारी उभं राहून "सर, थांबा" म्हणणारा कोणीतरी असावा.

तुम्ही म्हणाल एका फटीवरून एवढं काय. मग 2006 घ्या. बर्लिन, वर्ल्ड कपची क्वार्टर फायनल, जर्मनी-अर्जेंटिना टायब्रेकर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी किका. जर्मनीचा कीपर लेमान दर किकच्या आधी मोज्यातून एक चिठ्ठी काढून बघत होता. हॉटेलच्या कागदावर पेन्सिलने लिहिलेली, कोण कुठे मारतो याची. लिहिणारा आंद्रेआस क्योप्के, त्यांचा गोलकीपिंग कोच, स्वतः 1996 च्या युरो विजेत्या संघाचा कीपर. शेवटची किक घ्यायला कांबियासो आला. चिठ्ठीत त्याचं नावच नव्हतं! लेमानने तरीही चिठ्ठी उघडली, निवांत वाचल्यासारखं केलं, मोज्यात खोचली आणि बॉल अडवला. तो कागद आता बॉनच्या म्युझियममध्ये आहे. आमच्या सरांना हा किस्सा मी सांगितला होता. "नशीब," म्हणाले.

मोठ्या लेव्हलला खेळलेलं असावं लागतं का? अजिबात नाही. नेदरलँड्सचा फ्रान्स हूक खेळाडू म्हणून आयुष्यभर व्होलेंडम नावाच्या लहानशा गावच्या क्लबचा कीपर होता. पुढे आयाक्स या मोठ्या डच क्लबात वान डर सारसारखा नावाजलेला कीपर त्याच्या हाताखाली घडला. 2014 च्या वर्ल्ड कपमध्ये कोस्टा रिकाविरुद्ध टायब्रेकर दिसायला लागल्यावर 120 व्या मिनिटाला कीपर बदलून टिम क्रुलला आत पाठवलं, तेव्हा नेदरलँड्सच्या बाकावर गोलकीपिंग कोच हूकच होता. क्रुलने दोन किक अडवल्या. उलट आपल्याकडे मोठं खेळूनही काय मिळतं बघा. गोव्याचे कीपर ब्रह्मानंद शंखवाळकर भारताचे कॅप्टन होते, पण अर्जुन पुरस्कार 1997 ला आणि पद्मश्री 2022 ला. कीपरची आठवण सगळ्यांना उशिराच येते. कोल्हापुरात तर विचारूच नका. अनिकेत जाधव 2017 चा अंडर-17 वर्ल्ड कप खेळून आला तेव्हापासून प्रत्येक पोराला फॉरवर्डच व्हायचंय. गोलात कोण उभं राहणार विचारलं की सगळे बुटाच्या नाड्या बांधायला खाली वाकतात.

माझं सांगतो. 2013 ला खेळणं सोडलं. दोन वर्षं मैदानाकडे फिरकलो नाही. मग एका शाळेने कीपर पोरांना बघा म्हणून बोलावलं, महिना 6 हजार, आठवड्याला चार दिवस. पोटासाठी मामाच्या हार्डवेअरच्या दुकानात बसायचो, अजूनही दुपारी बसतो. एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स केलं, मग गोलकीपिंगचा लेव्हल वन. आज एक अ‍ॅकॅडमी आणि दोन शाळा मिळून घर चालण्यापुरतं येतं, हप्ते निघण्यापुरतं येत नाही.

पोरांच्या पहिल्या दिवशी मी त्यांना एक क्लिप दाखवतो. 14 सेकंदांची, त्या सेमीफायनलची, एका मित्राने मोबाईलवर घेतलेली. चित्र इतकं फुटलेलं, की बॉल म्हणजे एक पांढरा ठिपका, पण तिसरा माणूस वॉलमधून निघताना स्वच्छ दिसतो. मी तिथे क्लिप थांबवतो आणि वॉलवर अर्धा तास बोलतो. दोन वर्षांपूर्वी तेरा वर्षांच्या एका पोराने हात वर केला. "सर, पण किक बसायच्या आधीच तुम्ही उजवीकडे पाऊल टाकलंय की."

मी ती क्लिप तोवर किती वेळा पाहिली असेल, देव जाणे. माझं लक्ष कायम त्या फटीवर. घरी जाऊन परत लावली. टाकलंय. किकच्या आधी अर्धा सेकंद, पूर्ण वजन उजव्या पायावर. बोटं लागली होती म्हणजे ते पाऊल टाकलं नसतं तर पंजा लागला असता.

ठीक आहे, टाकलं पाऊल. पण माणूस काढला नसता तर त्या पावलाने काही बिघडलं नसतं, यावर मी अजून ठाम आहे. चार वर्षांपूर्वी एका म्हाईच्या जेवणाला सर भेटले. माझ्या ताटात मटण वाढतानाच म्हणाले, "त्या दिवशी वॉल नीट लावली असतीस तर..." मी ताट खाली ठेवलं आणि निघालो. पांढऱ्या रश्श्याला तोंडही लावलं नव्हतं, त्याचं तेवढं वाईट वाटतं. आता भेटले तर पावलाचं सांगायचं की नाही, ते ठरलेलं नाही.

तुमचं राहिलंच. डी लायसन्सला लगेच नाव घाला, गोलकीपिंगचे कोर्स वेगळे असतात तेही सोडू नका. पायाने पास द्यायला शिकवता येत नसेल तर आधी स्वतः शिका. 1992 ला बॅकपास, म्हणजे आपल्याच माणसाने पायाने मागे दिलेला बॉल, हातात घ्यायचा बंद झाला तरी आपल्याकडचे निम्मे कीपर अजून डोळे मिटून बॉल लांब हाणतात. आता बॉल हातात आठ सेकंदांहून जास्त ठेवला तर समोरच्याला कॉर्नर, हा 2025 चा नियमही पोरांच्या अंगी मुरवायला लागतो. हे सगळं मी जिल्ह्याच्या अनुभवावरून सांगतोय. आयएसएलच्या, म्हणजे देशातल्या मोठ्या लीगच्या, क्लबांची गणितं वेगळी, तिथला पगार मला विचारू नका. आणि सर्व्ह करताना, म्हणजे पोरांना बॉल मारताना, दिवसाला दोनशे-अडीचशे किका होतात. तुमचा गेलेला गुडघा किक मारायच्या पायाचा आहे की टेकायच्या, ते प्रश्नात लिहिलं नाहीत. टेकायचा असेल तर आधी डॉक्टरला विचारा, मग लायसन्सचे पैसे भरा.