सही जरूर करा, पण जुन्या व्हिजिट्सच्या तारखा बदलू नका

प्रश्न : मी फ्लोरिडात फुप्फुसविकारतज्ज्ञ आहे, स्वतःची प्रॅक्टिस आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यू यॉर्कमध्ये ढिगारा उपसण्याच्या कामावर असलेले एक निवृत्त कामगार काही महिन्यांपासून दम्यासाठी माझ्याकडे येतात. सरकारी योजना पैसे देते, असं त्यांनी सांगितल्यामुळे आम्ही त्यांच्याकडून काही घेतलं नाही. आता कळलं की त्या योजनेच्या नेटवर्कमध्ये मी नाहीच. नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीने करार पाठवला आहे. माझे ऑफिस मॅनेजर म्हणतात, सही करा आणि जुन्या व्हिजिट्स पुढच्या तारखा टाकून बिल करू. काय करू?

उत्तर : डॉक्टर, मॅनेजरांचा सल्ला आधी बाजूला ठेवा. तारीख बदललेलं बिल म्हणजे संघराज्य सरकारकडे केलेला खोटा क्लेम. फॉल्स क्लेम्स ॲक्ट हा कायदा १८६३ पासून आहे. त्यात सरकारच्या नुकसानीच्या तिप्पट रक्कम आणि शिवाय प्रत्येक क्लेममागे वेगळा दंड भरावा लागतो. क्लेम सरकारकडे नव्हे, खासगी कंपनीकडे गेला होता, हा बचाव २००९ च्या दुरुस्तीनंतर टिकत नाही. तुमच्या ऑफिसातला कुणीही कर्मचारी सरकारच्या वतीने खटला भरू शकतो आणि वसुलीतला वाटा मिळवू शकतो. मेडिकेअरमधून, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्यातून, बाहेर काढलं जाण्याचा धोका वेगळाच. चार-सहा व्हिजिट्सच्या पैशांसाठी आयुष्यभराची प्रॅक्टिस पणाला लावू नका, अगदी कळकळीने सांगतो.

सरळ मार्ग असा. नेटवर्कमधला तुमचा समावेश मागच्या तारखेपासून धरता येईल का, किंवा त्या व्हिजिट्सना आता मंजुरी मिळेल का, हे कंपनीला लेखी विचारा. उत्तर 'नाही' आलं, तर ती रक्कम सोडून द्या, असं माझं मत आहे. त्या माणसाने तुम्हाला फसवलं नव्हतं. योजना खरंच पैसे देते, फक्त नेटवर्कमधल्या डॉक्टरला.

आता करार. तुमच्या पेशंटची योजना म्हणजे ११ सप्टेंबरच्या हल्ल्यामुळे आजारी पडलेल्यांसाठीचा वर्ल्ड ट्रेड सेंटर हेल्थ प्रोग्रॅम. तो झाड्रोगा नावाच्या कायद्याने उभा राहिला. ओबामांनी २ जानेवारी २०११ रोजी त्यावर सही केली आणि त्याच वर्षी १ जुलैपासून योजना सुरू झाली. २०१५ मध्ये तिची मुदत २०९० पर्यंत वाढवली. न्यू यॉर्क परिसरातल्या सभासदांसाठी ठरावीक केंद्रं आहेत, बाहेर राहणाऱ्यांसाठी देशव्यापी नेटवर्क. तुमचा करार होईल तो नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीशी. त्यामुळे तुम्ही सरकारी डॉक्टर होत नाही. उद्या हलगर्जीपणाचा दावा झाला, तर तो तुमच्यावर आणि तुमच्या विम्यावर येईल.

म्हणून 'कंपनीला झालेलं नुकसान डॉक्टर भरून देईल' अशा अर्थाचं कलम सगळ्यात आधी शोधा. अनेक मालप्रॅक्टिस पॉलिसी, म्हणजे डॉक्टरच्या चुकांसाठीचे विमे, करारातून अंगावर घेतलेली जबाबदारी झाकत नाहीत. ते कलम कंपनीच्या स्वतःच्या चुकांपर्यंत पसरत असेल, तर 'फक्त माझ्या निष्काळजीपणापुरतं' एवढी दुरुस्ती मागा. अशी मागणी अगदी नेहमीची आहे, संकोच करू नका. दरपत्रक कराराला जोडून मागा. उपचारांचे दर संघराज्याच्या कर्मचाऱ्यांच्या कामगार-भरपाई कायद्याखालच्या दरांवर ठरतात. ते तुमच्या नेहमीच्या फीपेक्षा कमी असले, तरी फरक पेशंटकडून घेता येणार नाही. मंजूर उपचारांसाठी सभासदाच्या खिशातून काहीही जाऊ नये, हा या योजनेचा कणा आहे. फ्रंट डेस्कवर सवयीने को-पे, म्हणजे पेशंटने भरायचा वाटा, मागितला जातो. तिथल्या माणसांना हे आधीच समजावून सांगा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो सर्टिफिकेशनवर. तुम्ही निदान केलं म्हणून योजना पैसे देत नाही. तो आजार हल्ल्यानंतरच्या धुळीशी किंवा त्या घटनेशी जोडलेला आहे, असं योजनेच्या प्रशासकाने त्या सभासदापुरतं प्रमाणित करावं लागतं. दमा प्रमाणित असेल आणि उद्या तुम्हाला ॲसिड रिफ्लक्स दिसला, तर तो योजनेच्या आजारांच्या यादीत असूनही त्याचं वेगळं सर्टिफिकेशन लागेल. म्हणून आज त्यांचं कोणतं निदान प्रमाणित आहे, हे कंपनीकडून लेखी घ्या. कागदपत्रं पाठवताना जे तपासलं, जे दिसलं, तेवढंच लिहा.

ते कामगार होते, म्हणून कामगार-भरपाईचा दावा कधी केला होता का, हेही विचारून फाइलमध्ये नोंदवा, कारण योजना त्या दाव्यातून आपला खर्च वळता करून घेऊ शकते. ढिगाऱ्यावर काम न केलेला, लोअर मॅनहॅटनमध्ये राहणारा किंवा नोकरी करणारा पेशंट पुढे आला, तर क्रम बदलतो : आधी त्याचा आरोग्यविमा आणि उरलेलं योजना.

बहुधा तुमचे हे पेशंट तुमच्याकडे ११ सप्टेंबरच्या बाधितांसाठीच्या भरपाई निधीसाठीही कागद मागतील. तो निधी वेगळा आहे. तिथे नोंदणीची मुदत साधारणपणे आजार प्रमाणित झाल्यापासून २ वर्षं असते. त्यांच्या लेखी संमतीने रेकॉर्ड द्या आणि त्यांना त्यांच्या वकिलाला याच आठवड्यात भेटायला सांगा. करारही सहीपूर्वी फ्लोरिडात परवाना असलेल्या वकिलाला एकदा दाखवा.