विचारा की!: बिझर्ट

प्रश्न: ट्युनिशिया १९५६ मध्येच स्वतंत्र झाला ना, मग बिझर्ट बंदरात फ्रेंच नेव्ही नंतरही कशी काय होती? आणि त्या गावात एवढं आहे तरी काय?

उत्तर: सगळं जागेमुळे हो. आफ्रिकेचं उत्तर टोक, रास अँजेला, इथून जवळच, समोर सिसिलीची सामुद्रधुनी, आणि गावामागे मोठं तळं जे कालव्याने समुद्राला जोडलंय, म्हणजे अख्खा आरमारी ताफा आत लपवता येतो! फिनिशियन या प्राचीन दर्यावर्दी लोकांनाही ही जागा आवडलेली, फ्रेंचांनी १८९० च्या दशकात मोठा कालवा खणला आणि नाविक तळ केला. १९२० च्या शेवटी तर रशियन क्रांतीतून पळालेलं व्हाइट रशियन (म्हणजे बोल्शेविकविरोधी) आरमारच इथे येऊन थांबलं (हा किस्सा कुणी फारसा सांगत नाही). असली जागा कोण सोडेल? जुलै १९६१ मध्ये ट्युनिशियाचे राष्ट्राध्यक्ष बुर्गिबांनी नाविक तळाची नाकेबंदी केली, फ्रेंचांनी पॅराट्रूपर उतरवले, शेकडो ट्युनिशियन मेले. फ्रेंच शेवटी गेले १५ ऑक्टोबर १९६३ ला, त्या दिवशी तिथे अजून सुट्टी असते. आता देशाची एकमेव ऑइल रिफायनरी तिथेच, शिवाय सिमेंट, मासेमारी, आणि तळ्यापलीकडे मंझेल बुर्गिबा गावात पोलाद कारखाना. तळ्याचं पाणी मात्र या कारखान्यांनी पार घाण केलंय.