त्याच्या हातातल्या बॅगा

चि. मित्रास,
अनेक आशीर्वाद.

पुन्हा म्हाताऱ्याचीच भूमिका वाट्याला आली म्हणून तू खट्टू झालास, हे काल तालमीत दिसलं मला. रात्रभर मनात ली जे. कॉब घोळत होता.

१९११ साली न्यूयॉर्कमध्ये जन्मलेला हा नट तिथल्या ‘ग्रुप थिएटर’ या नाट्यसंस्थेत घडला. १९३९च्या ‘गोल्डन बॉय’ चित्रपटात तो विल्यम होल्डनचा बाप झाला. तेव्हा कॉब २७ वर्षांचा, आणि पडद्यावरचा मुलगा त्याच्याहून जेमतेम सहा वर्षांनी लहान!

मग १९४९. आर्थर मिलरचं ‘डेथ ऑफ अ सेल्समन’, दिग्दर्शक एलिया कझान. नाटकाचा नायक विली लोमन हा साठी ओलांडलेला फिरता विक्रेता, आणि तो करणारा कॉब ३७चा. मिलरच्या मनातला विली अंगाने किरकोळ होता आणि कॉब चांगला धिप्पाड. तेव्हा संहितेतला शब्द बदलला. लोक विलीला ‘कोळंबी’ म्हणून हिणवत, ते ‘वॉलरस’ म्हणू लागले. नाटककाराने नटाच्या देहापुढे असं नमतं घ्यावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. फिलाडेल्फियाला पहिल्या प्रयोगानंतर पडदा पडला तरी टाळी वाजेना. माणसं जागच्या जागी बसून रडत होती.

विली पहिल्यांदा रंगमंचावर येतो तो दोन्ही हातांत नमुन्यांच्या मोठाल्या बॅगा घेऊन. त्या खाली ठेवून दुखरे तळवे चोळतो. त्याचं वय तिथे कळतं, अजून तोंडातून फारसं काही निघालेलंही नसतं.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवणार नाही. १९५३मध्ये कम्युनिस्टांचा शोध घेणाऱ्या अमेरिकी संसदेच्या चौकशी समितीपुढे कॉबने २० जणांची नावं सांगितली. दोन वर्षं दबाव होता, पैसा संपला होता, तरीही ते मला बोचतं. आणि तरीही ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ चित्रपटातला, मुलाचा फोटो फाडून कोसळणारा त्याचा बाप पाहताना माझा घसा दाटतो. दोन्ही खरं आहे.

काल तू आधी कमरेत वाकलास, मग आवाज कापरा केलास. दोन्ही सोडून दे. तुझा म्हातारा कोर्टाची तारीख करून घरी परततो. त्याच्या पिशवीत काय आहे, संहितेत लिहिलेलं नाही. ते तू ठरव, आणि उद्या तालमीला ती पिशवी खरोखर भरून आण. स्टँडपासून चालत ये.

तुझा,
सर