‘गर्व’, ‘अभिमान’ आणि ‘लीनता’

ठाण्यातील एका वाचकाने विचारले आहे की, पाचपाखाडीत शेजाऱ्यांकडे झालेल्या ख्रिस्ती प्रार्थनासभेत ‘गर्व हे पापाचे मूळ आहे, म्हणून लीन व्हा’ असे सांगितले गेले. मग मराठी असल्याचा अभिमान बाळगणे हेही पाप काय, आणि ‘नम्र’ हा रुळलेला शब्द असताना ‘लीन’ कशासाठी?

‘अभिमान’ हा शब्द संस्कृतात बहुतेकदा दोषदर्शकच आहे; सांख्यशास्त्र तर अहंकाराची व्याख्याच ‘अभिमान’ अशी करते. मराठीत मात्र तो इतका निवळला की, वाईट अर्थासाठी ‘दुरभिमान’ हा वेगळा शब्द वापरावा लागतो. मराठी बायबलातही करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात येशूचा प्रेषित पौल सांगतो की, ज्याला अभिमान बाळगायचा असेल त्याने तो परमेश्वराविषयी बाळगावा. निषेध आहे तो गर्वाचा. सहाव्या शतकातील पोप पहिले ग्रेगरी यांनी सात प्रमुख दुर्गुण मोजताना गर्व त्यांत धरला नाही. त्या सातांची राणी म्हणून तो वेगळा ठेवला.

असे का, हे लूकच्या शुभवर्तमानातील (बायबलातील येशूच्या एका चरित्रातील) मंदिरात प्रार्थना करणारा परुशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस, आणि जकातदार यांच्या दाखल्यातून, म्हणजे बोधकथेतून, उमगते. (मुलुंडच्या जकात नाक्यावरून वर्षानुवर्षे ये-जा केलेल्या ठाणेकराला हा शब्द ओळखीचा वाटेल, मात्र तो जकातदार परकीय रोमन सत्तेच्या राज्यात वसुली करणारा, म्हणून स्वजनांत तुच्छ ठरलेला होता.) परुश्याचे उपवास आणि दशांशाचे दान खोटे आहे, असे दाखला कुठेही म्हणत नाही. ‘मी इतरांसारखा नाही’ म्हणून तो देवाचे आभार मानतो, तिथे त्याची प्रार्थना बिघडते, कारण देवाकडे मागण्यासारखे त्याच्यापाशी काही उरलेलेच नाही. गर्वाचा आध्यात्मिक धोका मला इथेच सर्वांत तीव्रतेने जाणवतो: इतर पापे माणसाच्या दुबळेपणातून शिरतात, हे त्याच्या सत्कृत्यांतूनच शिरते.

आता ‘लीन’. ‘नम्र’ हा ‘नम्’ म्हणजे वाकणे या धातूपासून आला असून तो वागणुकीपुरताही चालतो. अर्जाखाली आपण ‘आपला नम्र’ लिहितो, ‘आपला लीन’ कोणी लिहीत नाही. ‘ली’ या धातूत चिकटणे, विरून जाणे हा अर्थ असल्यामुळे ‘लीन’ थेट अंतःकरणापर्यंत पोहोचतो. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू स्वतःला ‘मनाचा सौम्य व लीन’ म्हणवतो, आणि फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने वधस्तंभावरचे मरण सोसण्यापर्यंत स्वतःला लीन केले, असे म्हटले आहे. ग्रीकमधील मूळ शब्द खालच्या स्थितीतील माणसासाठी, बहुधा तुच्छतेने, वापरला जाई. तोच ख्रिस्ती लेखनात सद्गुणाचे नाव झाला. मात्र ‘लीन’ म्हणजे ‘हीन’ नव्हे: स्वतःला कमी लेखणारा माणूसही स्वतःकडेच पाहत असतो. म्हणून ‘मला मराठीचा अभिमान आहे’ हे वाक्य निर्दोष आहे. त्याला ‘म्हणून मी इतरांहून श्रेष्ठ’ हे शेपूट जोडले, की तिथे ‘गर्व’ हाच शब्द योग्य.